न्यूरोसर्जरी आयसीयू: एकाचे सेडेशन रोज थांबवायचे आणि दुसऱ्याच्या पंपाला हातही लावायचा नाही, असे का?

अबोली

नमस्कार. मी परिचारिका आहे. सहा वर्षे मेडिकल आयसीयूमध्ये काम केल्यानंतर गेल्या महिन्यात माझी बदली न्यूरोसर्जरीच्या आयसीयूमध्ये झाली. जुन्या विभागात सेडेशनबाबतचा, म्हणजे गुंगीचे औषध देण्याबाबतचा, नियम सोपा होता. सकाळच्या हँडओव्हरनंतर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे औषध थांबवायचे, तो डोळे उघडून सांगितलेले ऐकू लागला की डॉक्टरांना कळवायचे आणि फारच अस्वस्थ झाला तर निम्म्या डोसवर औषध पुन्हा सुरू करायचे. हे इतके अंगवळणी पडले होते की नव्या विभागात पहिल्याच आठवड्यात माझा हात आपोआप सिरिंज पंपाकडे गेला आणि कन्सल्टंटनी मला जवळजवळ ओरडूनच थांबवले.

सध्या माझ्याकडे तीन रुग्ण आहेत (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). एक पंचविशीतला मुलगा दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार लागलेला असून त्याच्या कवटीतील दाब मोजण्याची तार बसवलेली आहे. त्याला प्रोपोफॉल (गुंगीचे औषध) आणि फेंटॅनिल (वेदनाशामक) सतत चालू आहे आणि ते अजिबात थांबवू नये अशी लेखी सूचना आहे. शेजारी मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा फुटून क्लिपिंग (फुग्याला चिमटा लावून तो बंद करणे) झालेल्या साठीच्या बाई आहेत. त्यांना गुंगीचे औषध जवळजवळ दिलेच जात नाही, उलट रात्रीसुद्धा दर तासाला उठवून बोलते करावे लागते. तिसरे गृहस्थ ट्यूमरच्या शस्त्रक्रियेनंतर एक रात्र व्हेंटिलेटरवर होते. त्यांचे औषध मात्र पहाटेच थांबवले, हातपाय हलतात हे पाहिले आणि मग नळी काढली.

तिघांच्याही मेंदूवरच शस्त्रक्रिया किंवा उपचार झालेले असताना तीन वेगवेगळे नियम का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. त्या मुलाची आई रोज विचारते, ‘सिस्टर, तो औषधाने झोपलाय की त्याला मुळातच शुद्ध नाही?’ तिला काय सांगावे?

भूलतज्ज्ञ

सिस्टर, तुमचा हात आपोआप पंपाकडे गेला यात तुमची चूक नाही. रोज सेडेशन थांबवण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली, तिच्यामागे मुख्यतः 2000 साली शिकागोहून प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात 128 रुग्ण होते आणि रोज औषध थांबवलेल्या गटाचे व्हेंटिलेटरवरचे दिवस सुमारे सातांवरून पाचांपर्यंत आले. पण ते मेडिकल आयसीयूचे रुग्ण होते. त्यांच्या फुप्फुसांना किंवा अन्य अवयवांना आजार होता आणि गुंगी हा उपचाराचा भाग नसून उपचार सहन व्हावेत म्हणून केलेली सोय होती. तुमच्याकडच्या त्या मुलाच्या बाबतीत गुंगी हाच उपचार आहे. फरकाचे मूळ इथे आहे.

कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतालचा द्रव एवढेच मावते. यांतले एक वाढले तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते आणि ही सवड संपली की दाब झपाट्याने चढतो. मार लागलेल्या मेंदूला सूज असते, म्हणजे सवड आधीच संपत आलेली असते. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिकडे जास्त रक्त जाते. प्रोपोफॉलने मेंदूचे काम आणि त्याची ऑक्सिजनची गरज कमी होते, त्यापाठोपाठ रक्ताचा प्रवाह कमी होतो, रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि पेटीत तेवढी जागा मोकळी होते. शिवाय जागा होऊ लागलेला रुग्ण नळीमुळे खोकतो, व्हेंटिलेटरशी झुंजतो, छातीतला दाब वाढतो आणि मानेतून परत येणारे रक्त तुंबते. निरोगी मेंदूला यातले काहीच जाणवत नाही. सुजलेल्या मेंदूला एक खोकलाही महाग पडू शकतो.

म्हणूनच डोक्याच्या जबर दुखापतीत, दाब वाढलेला नसतानाही रुग्ण शांत आणि वेदनामुक्त राहील इतके सेडेशन हा पायाभूत उपचार मानला जातो आणि दाब 22 मिमी पाऱ्याच्या वर टिकून राहिला तर ते वाढवणे ही पुढच्या पायऱ्यांपैकी एक असते.

आता या नाण्याची दुसरी बाजू, कारण ‘हात लावू नका’ हे वाक्य ऐकून गुंगी जितकी गाढ तितकी चांगली, असा समज होणे घातक आहे. मॉनिटरवर कवटीतील दाबाचा आकडा उतरला की सगळ्यांनाच हायसे वाटते, पण मेंदूला रक्त मिळते ते सरासरी रक्तदाबातून कवटीतील दाब वजा करून उरणाऱ्या जोरावर. समजा सरासरी रक्तदाब 85 आणि कवटीतील दाब 21 आहे, तर उरले 64. प्रोपोफॉल वाढवले, कवटीतील दाब 15 झाला आणि त्याच वेळी रक्तदाब 66 वर आला, तर उरले 51. आकडा सुधारला आणि मेंदू मात्र उपाशी राहिला. प्रौढांमध्ये हा फरक 60 ते 70 च्या दरम्यान राहावा असे धोरण असते, म्हणून आम्ही औषध वाढवताना रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवतो. दर बदलताना एका आकड्याकडे नव्हे, दोन्ही आकड्यांकडे पाहा.

तुमच्या बाईंचे गणित उलटे आहे. फुगा फुटल्यानंतर साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावण्याचा आणि त्यामुळे मेंदूचा एखादा भाग रक्ताअभावी मरण्याचा धोका असतो. शुद्धीवर असलेल्या रुग्णात हे सर्वांत आधी लक्षात येते ते बोलण्यावरून आणि हाताच्या ताकदीवरून. सकाळी स्पष्ट बोलणारी बाई दुपारी शब्द शोधू लागली तर तो इशारा असतो. त्यांना झोपवले तर आपण आपला सर्वांत चांगला मॉनिटर स्वतःच बंद केल्यासारखे होईल. ट्यूमरच्या रुग्णाला लवकर जागे करण्याचे कारणही तेच: शस्त्रक्रियेच्या जागी रक्ताची गाठ झाली तर ती पहिल्या काही तासांत पकडायची असते आणि झोपलेल्या माणसात ती डोळ्याची बाहुली मोठी होईपर्यंत लपून राहू शकते.

राहिला प्रश्न, त्या मुलाला निदान दिवसातून एकदा तरी जागे करून का पाहू नये. स्वीडनमधील उप्साला येथे डोक्याला मार लागलेल्या रुग्णांतही ही चाचणी नेमाने करत आले आहेत, त्यामुळे ती सरसकट निषिद्ध आहे असे कोणी म्हणू नये. पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 20 रुग्णांवरच्या 82 प्रयत्नांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रयत्न दाब चढल्यामुळे, अस्वस्थतेमुळे किंवा ऑक्सिजन उतरल्यामुळे अर्ध्यात सोडावे लागले आणि जागे केल्यामुळेच नवा दोष सापडला असे केवळ एकदा घडले. म्हणून दाब आटोक्यात नसेल, झटके थांबवण्यासाठीच औषध चालू असेल, रुग्णाला स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले असेल किंवा सीटी स्कॅनवर सूज स्पष्ट दिसत असेल, तर आम्ही थांबतो.

सिस्टर इन्चार्ज

डॉक्टरांनी कारणे सांगितली, मी रात्रपाळीचे सांगते. न्यूरोच्या आयसीयूमध्ये पंधरा वर्षे काढल्यावर माझे एक ठाम मत झाले आहे: दाब चढल्यावर पंपाचा दर वाढवणे हे आपले शेवटचे काम असावे, पहिले नव्हे. आधी रुग्णाकडे बघावे. डोके सरळ आणि खाट तीस अंशांवर आहे का, नळी बांधलेली पट्टी किंवा मानेचा कॉलर गळ्याला आवळत तर नाही ना, व्हेंटिलेटरच्या नळीत पाणी साचले आहे का, ताप चढतो आहे का, लघवीची पिशवी रिकामीच आहे म्हणजे कॅथेटर (लघवीची नळी) दुमडला आहे का. भरलेल्या मूत्राशयामुळे अस्वस्थ झालेल्या माणसाला प्रोपोफॉल वाढवून गप्प केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि त्यात एकदा मीही होते.

वेदना आणि अस्वस्थता यांची गल्लत होऊ देऊ नका. प्रोपोफॉल किंवा मिडाझोलाम या गुंगीच्या औषधांनी दुखणे थांबत नाही. माणूस फक्त सांगू शकत नाही. म्हणून आधी फेंटॅनिल पुरेसे आहे का ते पाहायचे आणि मग गुंगीचा विचार करायचा. सक्शन (नळीतला कफ ओढून काढणे) करण्यापूर्वी, कूस बदलण्यापूर्वी डॉक्टरांनी लिहून ठेवलेला जादा डोस द्यायचा, हेही त्यातलेच. मात्र स्वतःच्या श्वासावर असलेल्या रुग्णाला फेंटॅनिल देताना फार सावध राहा. श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जो दाब उतरवायला निघालो तोच चढतो.

तिसऱ्या दिवशी एखादा रुग्ण अचानक उठून बसू लागला, घामाघूम झाला, हात थरथरू लागले, तर नातेवाइकांना बाजूला घेऊन दारूबद्दल विचारा, कारण रोजची दारू अचानक सुटली की असे होते. बायकोसमोर भाऊ सांगत नाही आणि भावासमोर बायको सांगत नाही, म्हणून एकेकाला विचारा. तंबाखू आणि गुटख्याचेही विचारा.

आता तपासणीबद्दल, कारण सेडेशन हलके केल्यावर पुढची दहा मिनिटे सगळे तुमच्या तपासणीवर अवलंबून असते. आमच्याकडे एकदा नंदुरबारच्या दुर्गम भागातून आलेला तरुण होता. दोन दिवस त्याच्या कागदावर ‘आज्ञा पाळत नाही’ असे लिहिले जात होते. मग त्याचा चुलता आत आला, त्याच्या बोलीत दोन शब्द बोलला आणि मुलाने हात वर केला. ‘डोळे उघडा, जीभ दाखवा’ हे आपले शुद्ध मराठी त्याला त्या अवस्थेत कळतच नव्हते. घरातले हाक मारायचे नाव आणि घरातली भाषा पहिल्याच दिवशी विचारून खाटेच्या पाट्यावर लिहून ठेवा. ‘माझा हात दाब’ असे सांगितल्यावर रुग्णाने बोटे धरली, एवढ्यावर समाधान मानू नका, कारण ते नकळतही घडते. ‘आता सोड’ म्हटल्यावर सोडतो का, ते महत्त्वाचे.

आणि गुंगी कितीही गाढ असली तरी बाहुल्या दर तासाला पाहायच्या. प्रोपोफॉलने किंवा फेंटॅनिलने बाहुल्या बारीक होतात, पण एकच बाहुली मोठी होत नाही. तसे दिसले तर ‘औषधामुळे असेल’ हे वाक्य मनातही आणू नका, फोन उचला.

मधला भाऊ

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझ्या धाकट्या भावाला अपघातानंतर अशाच विभागात सोळा दिवस ठेवले होते, म्हणून त्या आईच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आम्हाला कोणीतरी घाईत सांगितले होते की ‘उद्या औषध बंद करून बघू’. आम्ही सर्वांनी याचा अर्थ असा घेतला की उद्या तो उठेल. दुसऱ्या दिवशी औषध थांबवले, तो तळमळला, दाब वाढला आणि अर्ध्या तासात औषध पुन्हा सुरू झाले. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच होते, हे आता कळते. त्या दिवशी मात्र आमच्या घरात तो गेल्यासारखे वातावरण होते. ‘उद्या थोडा वेळ औषध थांबवून दाब कसा राहतो ते पाहणार आहोत, त्याला सहन झाले नाही तर पुन्हा सुरू करू आणि त्याचा अर्थ तो बिघडला असा होत नाही’ एवढे कोणी सांगितले असते तरी पुरे होते.

दुसरे म्हणजे, तो बरा झाल्यावर बरेच दिवस आम्हाला सांगत असे की त्याला एसटीच्या टपावर दोरीने बांधून घाटातून नेत होते आणि कंडक्टर सारखी घंटा वाजवत होता. घंटा म्हणजे मॉनिटरचा आवाज आणि दोरी म्हणजे हाताला बांधलेली पट्टी, हे आम्ही नंतर जुळवले. तो झोपलेला आहे असे समजून आम्ही त्याच्या खाटेशी खर्चाबद्दलही बोललो होतो. त्यातले त्याला काही आठवत नाही असे तो म्हणतो, पण तरीही बोलायला नको होते असे आजही वाटते.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. पाट्यावर नाव लिहिण्याचे आज लगेच केले. त्या मुलाला घरी ‘बापू’ म्हणतात.

आणखी दोन शंका आहेत. त्याचे प्रोपोफॉल आता चौथ्या दिवसात आहे आणि आज लघवीला हिरवट छटा आली. दुसरे, आमचे काही डॉक्टर प्रोपोफॉलऐवजी मिडाझोलामकडे, तर काही डेक्सकडे (डेक्समेडेटोमिडिन) वळण्याबद्दल बोलत होते. यांत फरक काय?

भूलतज्ज्ञ

हिरवी लघवी दिसायला भयंकर असते, पण ती बहुधा निरुपद्रवी असते. औषधाच्या विघटनातून येणारा तो रंग आहे. चिंता करायची ती वेगळ्या गोष्टीची. प्रोपोफॉल मोठ्या डोसमध्ये, म्हणजे ताशी किलोमागे 4 ते 5 मिलिग्रॅमच्या वर, 48 तासांपेक्षा जास्त चालले तर क्वचित एक जीवघेणा प्रकार होतो: रक्तातली आम्लता वाढते, स्नायू विरघळू लागतात, पोटॅशियम चढते, हृदयाची गती मंदावते आणि ते थांबू शकते. हे आधी लहान मुलांमध्ये नोंदले गेले. 2001 मध्ये डोक्याला मार लागलेल्या प्रौढांमध्येही ते घडत असल्याचे ‘लॅन्सेट’मधून पुढे आले. दाब उतरत नाही म्हणून दर वाढवत नेण्याचा मोह न्यूरोच्या आयसीयूमध्येच सर्वांत जास्त असतो, म्हणून धोकाही इथेच जास्त. रुग्ण 70 किलोचा असेल तर एक टक्का प्रोपोफॉल ताशी 28 मिलिलिटर ही तुमच्या मनातली लाल रेघ समजा. रक्तातले सीपीके (स्नायूंची हानी दाखवणारे), ट्रायग्लिसराइड (चरबी) आणि लॅक्टेट (आम्लता दाखवणारे) नियमित तपासले जात आहेत का, हे राउंडमध्ये जरूर विचारा. जाता जाता: ते औषध चरबीच्या द्रवात असते आणि मिलिलिटरमागे 1.1 कॅलरी देते. त्या दराने दिवसाला सातशेच्या वर कॅलरी नुसत्या पंपातून जातात, हे आहारतज्ज्ञांना सहसा कोणी सांगत नाही. त्याच चरबीत जंतूही वाढतात, म्हणून सिरिंज आणि नळी बारा तासांनी बदलायची.

मिडाझोलामने रक्तदाब प्रोपोफॉलइतका उतरत नाही आणि झटक्यांवर ते चांगले चालते, पण दिवसेंदिवस चालवल्यावर ते अंगात साठते, विशेषतः वृद्ध, स्थूल आणि मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांत. पंप बंद करूनही दोन-तीन दिवस रुग्ण उठत नाही आणि तेवढ्या काळात मेंदू कायमचा गेला असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. आपल्या कायद्यातली मेंदूमृत्यूची तपासणी, जी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते, ती औषधाचा अंमल उतरल्याची खात्री झाल्याशिवाय करताच येत नाही, याचे कारणही हेच.

डेक्समेडेटोमिडिनवरचा रुग्ण हाक मारली की जागा होतो, सांगितलेले करतो आणि पुन्हा झोपतो. श्वासही फारसा मंदावत नाही. मला ते न्यूरोच्या रुग्णात, दाबाचा धोका टळल्यानंतर नळी काढण्याच्या सुमारास फार आवडते. पण नाडी 45 वर आलेली दिसली तर ती औषधाने आली की कवटीतला दाब वाढल्यामुळे आली, हा प्रश्न पडतो. सुजलेल्या मेंदूला गाढ झोपवण्याची ताकदही त्यात नाही. केटामिन या भुलीच्या औषधाबद्दल जुन्या पुस्तकांत ‘डोक्याच्या मारात वर्ज्य’ असे लिहिलेले सापडेल. व्हेंटिलेटरवरच्या, इतर सेडेशन चालू असलेल्या रुग्णांत ती भीती पुढे खरी ठरली नाही आणि रक्तदाब टिकवण्याचा त्याचा गुण उपयोगी पडतो. आमच्या पिढीला मात्र ती बाटली उचलताना अजूनही हात किंचित अडखळतो, हे कबूल करतो.

आणि आईचा प्रश्न. ‘औषधाने झोपलाय की शुद्ध नाही’ याचे प्रामाणिक उत्तर ‘दोन्ही असू शकते आणि औषध चालू असेपर्यंत ते वेगळे करता येत नाही’ असेच आहे. मी एवढे सांगतो: ‘आज त्याला आम्ही झोपवून ठेवले आहे, कारण सूज उतरेपर्यंत मेंदूला विश्रांती हवी आहे. औषध थांबवल्यावर तो किती जागा होतो यावरून आम्हाला कळेल. ते आज सांगितले तर तो अंदाज ठरेल.’

अबोली

कळवायचे राहिले होते. बापूचा दाब काल सकाळपासून 15 च्या खाली आहे, नवा सीटी स्कॅनही बरा आला. उद्या औषध थांबवून पाहायचे ठरले आहे. प्रोपोफॉल आणि फेंटॅनिल दोन्ही एकदम बंद करायचे का?

सिस्टर इन्चार्ज

दोन्ही एकदम नाही. प्रोपोफॉल टप्प्याटप्प्याने उतरवतात. फेंटॅनिल डॉक्टर ठरवतील तितके कमी करून चालू ठेवतात, नाहीतर तो दुखण्याने उठेल, शुद्धीने नव्हे. न्यूरोसर्जन खाटेपाशी असताना सुरुवात करा. किती दाबाला, किती मिनिटांनंतर चाचणी सोडून द्यायची, तो आकडा आधी लिहून घ्या. सक्शन तासभर आधी उरकून घ्या. आणि त्याच्या आईला आज संध्याकाळीच सांगा की उद्या थोडा वेळ बघणार आहोत, पुन्हा झोपवावे लागले तरी घाबरायचे नाही. ‘बापू’ म्हणून पहिली हाक तिलाच मारू द्यायची का, ते डॉक्टरांना विचारून पाहा. आमच्याकडे बहुतेक वेळा हो म्हणतात.